भिंतीवरचा उजवा पाय

शेअर रिक्षा पाण्याच्या टाकीच्या वळणाला हळू झाली आणि सुलाबाईंना आपला नवरा भिंतीवर उभा दिसला. तीन वर्षांपूर्वी वारलेला माणूस असा भर दुपारी रस्त्याकडे तोंड करून उभा असला, तर बाईनं दचकावं, डोळ्यांना पदर लावावा, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. शेजारी दाटीवाटीनं बसलेल्या बाईनं तेवढ्यासाठी त्यांच्या हातावर हातसुद्धा ठेवला. "किती हुबेहूब काढलेत ना काका!" ती म्हणाली. सुलाबाईंनी तिचा हात बाजूला केला. चेहरा त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. त्यांची नजर सवयीनं आधी खाली गेली होती आणि तिथंच अडकली होती. भिकन गांगुर्डे दोन पायांवर उभे होते. दोन पाय, दोन बूट, बुटांवर पांढऱ्या रंगाची चमक, आणि दोन्ही पायांवर सारखी इस्त्री.

"थांबव रे बाबा."

"आजी, तुमचा स्टॉप पुढं आहे ना? विहाराजवळ."

"माझा स्टॉप मला माहितीय. थांबव."

अस्तराच्या कापडाची पिशवी काखेत मारून त्या उतरल्या. भिंत रंगवली जाणार हे त्यांना ठाऊक होतं. मयुरेशनं, म्हणजे ज्याच्या प्रत्येक फलकावर 'भावी नगरसेवक' असं लिहिलेलं असतं त्यानं, कॉलनीतल्या एकाहत्तरच्या लढाईतल्या जवानाची शौर्यभिंत काढायचं ठरवलं होतं. राकेशनं, त्यांच्या मुलानं, ते घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीनवरून मान वर न करता "काढा की" म्हटलं होतं, आणि तो गेल्यावर कपाटातली मोरपंखी साडी बाहेर काढून उन्हात टाकली होती. म्हणजे आनंद झाला होताच. तो आनंद आता भिंतीसमोर उभं राहिल्यावर त्यांना स्वतःलाच चोरीचा वाटू लागला. भिकनच्या मागं तोफ धूर ओकत होती, वर तिरंगा फडकत होता, हातात बंदूक होती, आणि उजव्या कोपऱ्यात मयुरेश हात जोडून हसत होता, तोफेपेक्षा थोडा मोठा. चाळीस वर्षं पुढच्या खोलीत ब्लाउज शिवून सुलाबाईंना माणसाचं माप डोळ्यानंच घ्यायची खोड लागली होती. कॉलनीत कोणाचा एक खांदा उतरलेला आहे, कोण माप देताना पोट आत ओढतं, कोण सांत्वनाला येऊन घड्याळाकडे बघतं, कोण बारशाला मोठ्यानं हसतं आणि मयताला मागच्या रांगेत उभं राहून मोबाइल चाळतं, याचा सगळा जमाखर्च त्यांच्या डोक्यात असे. तो त्या कोणाला दाखवत नसत. त्यांचा रागही आरडाओरडा करणारा नव्हता. तो आधी माप घ्यायचा. त्यांनी भिंतीवरच्या उजव्या पायाचं माप घेतलं. गुडघा, पोटरी, घोटा. एकही सुरकुती खरी नव्हती. ज्याचा एक पाय गुडघ्याखाली नकली आहे त्याची पँट कशी पडते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती त्या बाजूनं थोडी रिकामी लोंबते, चालताना वारा धरते, आणि आतल्या बाजूनं, जिथं पट्ट्याचं बक्कल घासतं, तिथं आधी विरते.

रंगारी शिडीवर चढून बंदुकीच्या नळीला छटा देत होता. गोटीराम त्याचं नाव. घोटीकडचा, म्हणजे सुलाबाईंच्या माहेरचाच म्हणायचा.

"कोणी सांगितलं तुला दोन पाय काढायला?"

गोटीरामनं खाली पाहिलं. "दोन म्हंजे? आजी, माणसाला दोनच असत्यात."

"ह्या माणसाला एक होता."

कुंचला हवेतच राहिला. तो शिडीवरून एक पायरी खाली आला, मग आणखी एक. "तुम्ही त्यांच्या घरातल्या का?"

"मी त्यांची बायको."

"मला कोणी बोललं नाय ओ. मोबाइलवर फोटो आला, त्यो कमरेपर्यंतच. मी इचारलं, खाली काय काढू? तर राकेशभाऊ म्हनले, खाली बूट काढ, चकचकीत. मंग काढले. पाय काय आजी, पाय माझ्याकडं तयारच असत्यात. छापे कापून ठेवलेत. हेच पाय मी सिन्नरला मारले, ओझरला मारले."

"म्हणजे माझ्या नवऱ्याला तू सिन्नरच्या माणसाचे पाय लावलेस."

"ओझरच्या," गोटीराम प्रामाणिकपणे म्हणाला. "सिन्नरचे जरा बारीक झालेते."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी सुलाबाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्या तशाच उन्हात चालत घरी निघाल्या आणि रस्ताभर त्यांना पाय दिसत राहिले, लोकांचे. चपलांतले, बुटांतले, सायकलच्या पायडलवरचे. सगळ्यांकडे जोडीनं होते आणि कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. राकेशभाऊ म्हनले. राकेशभाऊ म्हनले. मयुरेशनं केलं असतं तर राग सोपा होता. मयुरेशला भिकन म्हणजे कोण हे माहीत नव्हतं, त्याला भिंत पाहिजे होती. पण राकेश? ज्या घरात रोज सकाळी तो पाय भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, शाळेचं दप्तर एका खुंटीला आणि त्या पायाचे पट्टे दुसऱ्या खुंटीला, त्या घरात वाढलेल्या पोरानं खाली बूट काढ म्हणावं, आणि तेही चकचकीत?

तो पाय, खरा, जगात फक्त सुलाबाईंना आठवत होता. भिकनची आई गेली, बाप गेला, भाऊ गेले. आणि भिकनला स्वतःला तो कधी नीट आठवला नाही, कारण स्वतःच्या पायाकडे कोण बघतं. सुलाबाईंनी पाहिला होता, कारण त्यांना दुसरं काही पाहू दिलं नव्हतं. घोटीला, भाताच्या गिरणीमागच्या घरात, बघण्याचा कार्यक्रम होता. मुलगा फौजेत, तोफखान्यात, सुट्टीवर आलेला. आत्यानं, साळूबाईनं, स्वयंपाकघरात दंड धरून बजावलं होतं, "मान वर केलीस तर याद राख. लोक म्हंतील पोरगी आगाव हाय." म्हणून चहाचा ट्रे घेऊन सुला गेली ती जमिनीकडे बघत, बसली ती जमिनीकडे बघत, आणि नाव-गाव-शिक्षण सांगितलं तेही शेणानं सारवलेल्या जमिनीला. त्या जमिनीवर समोर दोन पाय होते. बूट दाराशी काढून ठेवले होते आणि पायांचा रंग घोट्याशी बदलत होता. वर उन्हानं काळा, खाली बुटात राहून राहून गोरा, जणू दोन माणसं मधोमध शिवून जोडली होती. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. उजव्याच टाचेवर विळ्याची जुनी खूण, भात कापताना लागलेली असणार, ती खूण सुला ओळखत होती, तशा खुणा तिच्या गावात घरोघर होत्या. आणि तो उजवा पाय एका जागी राहत नव्हता. त्याचा अंगठा सारखा डाव्या पायाचा अंगठा दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. वर कुठंतरी मोठी माणसं मुंबईच्या कापडाच्या भावाबद्दल बोलत होती आणि खाली हा पाय भेदरलेला होता. सुलाला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलाय, तिनं मनात टिपून ठेवलं. लग्न ठरलं. चेहरा तिनं पाहिला नव्हता. पायावर भागलं होतं.

आणि मग त्याच हिवाळ्यात लढाई, आणि लढाई संपल्यावर, सगळीकडे पेढे वाटून झाल्यावर, भिकनचा बाप तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. तो आत आला नाही. "पोराचा पाय गेला," तो म्हणाला. "तुमची पोर चांगली हाय. मोडायचं असंल तर मोडा. आमी राग नाय धरनार." तिच्या बापानं आत येऊन तिला विचारलं, "सुले, काय करू?" तिनं विचारलं, "कोणता?" "काय कोणता?" "पाय." "उजवा म्हनत्यात." ती चुलीपुढं जाऊन बसली. ज्या माणसाचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी रडायचं कसं हे तिला कळेना; पण तो पाय तिच्या ओळखीचा होता, आणि तिला न विचारता, कुठल्यातरी शेतात, कोणीतरी नेला होता. तेव्हाही तिला राग आला होता. लोक पुढं आयुष्यभर म्हणत राहिले, सुलाबाईंनी त्याग केला, सुलाबाईंचं मन मोठं. कसलं मन आणि कसलं काय. ती रागानं हो म्हणाली होती. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात बापाबरोबर गेली तेव्हाही मान सवयीनं खालीच होती, आणि खाली चादर होती, एका बाजूला सपाट. तिथं नजर खिळून राहिली तेव्हा वरून आवाज आला, "खाली नका बघू आता. वर बघा." तिनं वर पाहिलं. चेहरा होता. बरा होता. हसत होता.

लढाईबद्दल भिकन फार बोलत नसत, आणि बोलले की ऐकणाऱ्याची निराशा करत. तोफखान्यात होते, पण तोफ डागली नाही. पाठीवर तारेचं रीळ घेऊन पुढच्या चौकीपासून तोफांपर्यंत टेलिफोनची तार टाकायची, तुटली की रांगत जाऊन जोडायची, हे त्यांचं काम. "लढाईत मला खरचटलंसुद्धा नाही," ते म्हणत. "लढाई संपली. मग तार गुंडाळायला गेलो. सरकारी तार, टाकून कशी द्यायची? गुंडाळत गुंडाळत चाललो होतो, शीळ घालत." एवढंच. सुरुंगाचा शब्द ते उच्चारत नसत. शीळ घालत म्हणत आणि थांबत. पुढं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात टेलिफोनवर नोकरी लागली, तिथंही याची तार त्याला जोडून देणं. आयुष्य तारेत गेलं, ते हसून म्हणत. बंदूक हातात घेऊन दात आवळून उभे राहिलेले भिकन सुलाबाईंनी कधी पाहिले नव्हते. दात आवळत ते फक्त सकाळी, पट्टे बांधताना.

सकाळ. त्या घरातली सकाळ म्हणजे पावडर, मोजा, पट्टे. गुडघ्याखाली चार बोटं जो भाग राहिला होता त्याला दोघं घरात 'उरलेला' म्हणत. "उरलेला आज रुसलाय गं." म्हणजे सुजलाय, सोललाय, नकली पाय चढणार नाही. एकलहऱ्याच्या उन्हाळ्यात, राखेनं भरलेल्या वाऱ्यात, तो रोज रुसायचा. सुलाबाईंनी जुन्या बनियनचं मऊ कापड घेऊन त्याला मोजे शिवले, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, कारण आतली शिवण टोचते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. रात्री पाणी गरम करून धुतला, सकाळी पावडर लावली. आणि मग ते खाजणं. जो पाय नव्हता तो खाजायचा. भिकन पलंगावर पडलेले असत, आणि एकदम, लाजल्यासारखे, "सुले, अंगठ्याजवळ." सुलाबाई पलंगाच्या कडेला बसून रिकाम्या चादरीवर, जिथं अंगठा असायला हवा होता तिथं, नखांनी खाजवत. "थोडं डावीकडे." त्या थोडं डावीकडे खाजवत. "हां." आणि त्यांचा चेहरा सैल पडे. असं कसं होतं हे दोघांनी कधी कोणाला विचारलं नाही. लांब बोट कुठं असेल, टाच कुठं असेल, हे सुलाबाईंना माहीत होतं, म्हणून ते काम त्यांचं होतं. राकेश जन्मला तेव्हा दाईच्या हातात असतानाच त्यांनी आधी त्याचे पाय पाहिले होते. अंगठ्याशेजारचं बोट आखूड होतं. तो पाय इथंही उतरला नाही, त्यांना वाटलं होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. राकेश चौथीत असताना एकदा मित्राला घेऊन अचानक घरात आला, आणि त्या मित्रानं पाहिलं: आई चादर खाजवतेय आणि बाप डोळे मिटून थोडं डावीकडे म्हणतोय. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे एकमेकांची बाकं खाजवत होते. त्यानंतर राकेश त्या खोलीचं दार लावून घ्यायला शिकला. आत आईबाप असले की बाहेरून ओढून घ्यायचा, हळूच.

संध्याकाळी तो कंपनीतून आला. ताटं वाढली, चैतालीनं, सुनेनं, भाजी वाढली, आणि सुलाबाई म्हणाल्या, "बूट तू काढायला सांगितलेस?"

राकेशनं घास मोडला. "आई, जेवताना नको."

"मग कधी? रविवारी उद्घाटनाचा पडदा पडल्यावर?"

"काय बिघडलं त्यात?" पन्नाशीचा, केस काळे केलेला, कंपनीत हाताखाली माणसं असलेला राकेश, ताटाकडे बघत बोलत होता. "मी त्यांना कधी तसं पाहिलं नाही. एकदा पाहावंसं वाटलं. एवढाही हक्क नाही का मला?"

"तुला पाहायचंय म्हणून सगळ्या रोडनं पाहायचं?"

"लंगड्याचा राक्या म्हणायचे मला. दहावीपर्यंत. तुला काय माहीत!"

"मला सगळं माहितीय. तुझा शर्ट कोणी फाडला ते बघून मी सांगत होते, मागून फाडला की पुढून."

"मग शिवून देत होतीस, बास." त्यानं ताट पुढं सरकवलं. "पन्नास वर्षं तू फक्त तो पाय बघितलास, आई. पाय उठला, पाय बसला, पाय रुसला. मी तापानं फणफणलेला असायचो तरी आधी पाय. आता तरी आम्हाला माणूस बघू दे ना!"

हे कुठं लागलं ते सुलाबाईंना कळलं. त्यांनी ते राकेशच्या बाजूला जमा करून ठेवलं; ते त्याचंच होतं, नाकारता येण्यासारखं नव्हतं. पण त्यानं राग कमी होईना. उलट तो आता सरळ उभा राहिला. माणूस बघायचाय म्हणे. माणूस म्हणजे काय, वरचा अर्धा? खालचा ओझरहून आणायचा? "आई, रविवारचं होऊन जाऊ दे," चैताली समजुतीच्या, शाळेतल्या आवाजात म्हणाली. "नंतर बदलून घेऊ ना थोडं." नंतर काही बदलत नाही हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं, आणि तरी त्यावर जेवण उरकलं गेलं.

शनिवारी मयुरेश पत्रिका घेऊन आला. बरोबर दोघं, फोटो काढायला. "जयभीम काकू!" म्हणत त्यानं वाकून पाया पडल्यासारखं केलं, सुलाबाईंनी बघितलं, हात गुडघ्यापर्यंतच आला, खाली नाही. याची आई वत्सलाबाई त्यांच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायची. चांगली बाई.

"मयुरेश, पायाचं बघ बाबा काहीतरी. ते खोटं आहे."

"काकू, मी समजू शकतो. पण तुम्ही लार्जर विचार करा ना." तो खुर्चीच्या टोकावर बसला. "तरुण पोरं येणार, सेल्फी काढणार. आपल्याला प्रेरणा द्यायचीय. अपंग दाखवलं की पब्लिक हळहळतं. पेटत नाही."

"पेटून काय करायचंय?"

तो हसला. त्याचे दोघं हसले. फोटो निघाला.

"तुझ्या आईचा डावा खांदा उतरलेला होता," सुलाबाई म्हणाल्या. "लहानपणी पडली होती विहिरीच्या पायऱ्यांवर. मी तिच्या ब्लाउजला आतून गादी लावायचे. तुलाही कधी कळलं नसेल."

मयुरेशचं हसू थोडं मागं गेलं. "नाही. खरंच?"

"तिनं दार लावून मला सांगितलं, म्हणून लावली. तिचा खांदा, तिची लाज, तिची मर्जी. ह्यांनी मला पन्नास वर्षांत कधी म्हटलं नाही, सुले, लोकांना कळणार नाही असं कर. लग्नाला गेले तर पँट वर करून पाय काढून शेजारी ठेवायचे आणि जेवायला बसायचे. मग त्यांची लाज तुम्हाला कशी वाटायला लागली?"

"काकू, तुमचा स्वभाव म्हणजे..." मयुरेश उठला. "उद्या पाच वाजता गाडी पाठवतो. नऊवारी असेल तर बघा, फोटोत छान दिसतं." जाताना त्यानं टेबलावर शाल ठेवली, सत्काराची. उद्या स्टेजवर द्यायची ती एक आणि ही आणखी एक, असा त्याचा अंदाज असावा. सुलाबाईंनी ती उलगडली, कडेची शिवण पाहिली. कच्ची होती.

रविवारी दुपारी, मांडववाले खुर्च्या उतरवत होते आणि पडद्याचं कापड अजून टेम्पोतच होतं, तेव्हा त्या भिंतीशी गेल्या. बरोबर घरातलं स्टूल, आणि पोलक्याच्या खिशात कापडावर खूण करायचा खडू. गोटीराम कोपऱ्यातल्या 'भावी'ला सोनेरी कड मारत होता.

"आजी, आता नका. मला पैशापेक्षा त्यांच्या तोंडाचं भ्या..."

"तुला मी काही सांगितलंय?"

त्यांनी स्टूल टेकवलं, बसल्या, आणि उजव्या गुडघ्याखाली चार बोटं धरून निळा खडू ओढला. एक सरळ रेघ, पोटरीच्या आरपार. हात स्थिर, कापडावर असतो तसाच. गोटीराम मागं येऊन उभा राहिला आणि रेघेकडे बघत राहिला. रेघ कशासाठी असते, ते त्याच्याही धंद्यात सारखंच होतं.

"हितवर व्हता?"

"इथवर."

"मी चा घेऊन येतो," गोटीराम म्हणाला. "पांढऱ्याचा डबा झाकायचा ऱ्हायलाय. ऱ्हाऊ दे." आणि तो टपरीकडे चालता झाला, मागं न बघता, मोठ्यानं खाकरत.

सुलाबाईंनी रुंद कुंचला घेतला आणि बूट आधी पुसला. चकाकी लगेच गेली. तिला काही अंगच नव्हतं. मग घोटा, मग पोटरी, काठाकाठानं, मागची तोफ आणि जमीन न बिघडवता, जशी दुमड घालतात तशी, रेघेपर्यंत. घामानं चष्मा घसरत होता. एक मांडववाला "ओ आजी, काय करताय?" म्हणून आला, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तो परत गेला. मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती शांत करणारी नव्हती. देशानं त्यांचा पाय घेतला, तो घेतला. आता उरलेला पण घेता? पावडर घेता, मोजे घेता, चादरीवरची माझी नखं घेता? एवढी वर्षं कोणी एक ओटा उतरता करून दिला नाही, विहाराच्या पायऱ्या ते बसून बसून चढले, आणि आता फुकटचा पाय वाटताय? त्या रंग लावत राहिल्या, एका जागी दोनदा, तीनदा, काळं पुन्हा वर येत होतं म्हणून. सगळं पांढरं झालं तेव्हाच त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा चेहरा पाहिला. हुबेहूब होता. गोटीरामला चेहरा येत होता. कमरेपर्यंत तो खरंच भिकन होता, आणि हसत नव्हता, एवढंच.

त्यांनी खडू परत खिशात ठेवला आणि घरी जाऊन मोरपंखी साडी नेसल्या. नऊवारी नाही.

पाच म्हणता म्हणता साडेसहा झाले. पाहुणे आले, वंदना झाली, चपला काढून लोक पुढं सरकले. राकेश पांढऱ्या शर्टात पहिल्या रांगेत, चैताली मोबाइल वर धरून. दोरी ओढली, पडदा खाली आला, आणि टाळ्यांसाठी उचललेले हात मध्येच थांबले. भिंतीवर गुडघ्याखाली एक पांढरी जागा होती. ओली असल्यामुळे दिव्यात चकाकत होती. कोणीतरी "अर्धंच राहिलं का?" म्हणालं. राकेशनं भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि त्याच्या जबड्याचं हाड हललं. सुलाबाई स्टेजवर पहिल्या खुर्चीत ताठ बसून होत्या. आता ओरडा, त्या मनात म्हणत होत्या. आता विचारा.

पण मयुरेशला कोणी कमी समजू नये. एक श्वास घेण्याइतकाच वेळ गेला आणि तो माइकवर होता. "बंधूंनो! ही रिकामी जागा बघा! हीच खरी शौर्यगाथा! शत्रूवर चाल करून जाताना, छातीवर गोळ्या झेलत, आपल्या भिकनकाकांनी हा पाय भारतमातेच्या चरणी..." आणि टाळ्या. कडकडाट. पाहुण्यांनी रुमाल काढला. पब्लिक पेटलं. सुलाबाईंच्या कानात गरम झालं. त्यांनी खोटा पाय पुसला होता आणि यांनी त्या भोकात हात घालून आणखी मोठं खोटं बाहेर काढलं होतं, तेही त्यांच्यादेखत, त्यांच्याच रंगात.

"वीरपत्नी सुलाबाई गांगुर्डे यांना विनंती, त्यांनी पुष्पहार अर्पण करावा!"

त्या उठल्या. माइकजवळून जाताना मयुरेशला म्हणाल्या, "चाल करून नाही. तार गुंडाळताना. लढाई संपली होती." माइक चालू होता. 'लढाई संपली होती' हे भोंग्यांतून टाकीपर्यंत गेलं, जेल रोडपर्यंत गेलं असेल, आणि कोणाला काही कळलं नाही, लोक नवीन घोषणा असेल म्हणून पुढची ओळ यायची वाट बघत राहिले. हार त्यांनी घेतला नाही. त्या स्टेजच्या पायऱ्या उतरल्या, भिंतीपाशी गेल्या, आणि गुडघा मोडून, एका हातानं भिंत धरून, खाली बसल्या. मयुरेश हार घेऊन मागं मागं आला.

"काकू, रंग ओला आहे तिथं."

"माहितीय."

"काकू, सगळे बघतायत. काय करताय?"

"खाजतंय त्यांना," सुलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पांढऱ्या जागेत, जमिनीच्या थोडं वर, जिथं अंगठा असायला हवा होता तिथं, नख टेकवलं आणि खाजवलं. जोरात. रंग नखात शिरला. मागं टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, बायका डोळे पुसत होत्या, म्हातारी भावनेच्या भरात नवऱ्याचे चरण चाचपतेय असं ज्याला त्याला वाटत होतं आणि मोबाइल वर होत होते. सुलाबाईंनी खांद्यावरून एकदाच मागं पाहिलं. सगळ्यांची तोंडं वर, चेहऱ्याकडे होती. एकट्या राकेशनं मान खाली घातली होती. तो स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत होता, आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा डाव्याचा अंगठा दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

त्या भिंतीकडे वळल्या, आणि नख थोडं डावीकडे सरकवलं.